खाडी बंद असायची म्हणे

त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. नेरूळच्या सेक्टरांच्या मध्ये अडकून राहिलेल्या जुन्या कोळीवाड्यांपैकी ते एक, एवढं पुरे. आमच्या बिल्डिंगपासून चालत जाण्याइतकं जवळ, आणि तरीही पीएच.डी.ला नाव नोंदवेपर्यंत मी तिथे फक्त मासळी आणायला जात असे. आम्ही मूळचे कोकणातले, बौद्ध. बाबा पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऑपरेटर होते, तिथूनच निवृत्त झाले. घरात पीएच.डी. करणारी मी पहिली, त्यामुळे माझ्यापेक्षा बाबांनाच जास्त टेन्शन असायचं. "कुठवर आलं?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

विषय होता खाडीकाठच्या मासेमारीत झालेले बदल. त्यातलं तिसरं प्रकरण माझं लाडकं होतं, कारण त्यात एक सुंदर गोष्ट होती. पूर्वी म्हणे या गावाचे लोक पावसाळ्यात, मासळी अंडी घालते त्या दिवसांत, खाडीचा एक छोटा फाटा बंद करायचे. फाट्याच्या तोंडाशी एक बांबू रोवायचा, त्याला लाल फडकं बांधायचं. तो बांबू असेपर्यंत कोणी तिथे जाळं टाकायचं नाही. कायदा नाही, सरकार नाही, गावाचा शब्द हाच नियम. मी एका चर्चासत्रात हे सांगितलं तेव्हा समोरच्या दोन प्राध्यापकांनी माना डोलावल्या आणि चहाच्या वेळी येऊन माझ्याकडे संदर्भ मागितले. मी ऐटीत दिले. चार शोधनिबंध होते, चारही छापलेले.

माझे गाईड पहिल्या वर्षी आम्हाला संशोधन पद्धती शिकवायचे. सर उंच, बारीक आवाजाचे, फळ्यावर फार न लिहिणारे. त्यांचं एक वाक्य आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ होतं: "संदर्भ म्हणजे साक्षीदार. चार साक्षीदार एकाच माणसाकडून ऐकून आले असतील, तर साक्षीदार चार नाहीत, एकच आहे." आम्ही ते वहीत उतरवून घेतलं होतं. स्वतःवर ते कधी वापरावं लागेल असं काही वाटलं नव्हतं.

संशयाची सुरुवात अगदी फालतू कारणावरून झाली. प्रबंधात घालायला मला त्या फाट्याचा फोटो हवा होता. गावातल्या एका मावशी मला तिकडे घेऊन गेल्या. त्या मासळी विकायच्या, आई वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच घ्यायची, आणि माझ्या मुलाखतींमध्ये सगळ्यात मोकळेपणाने बोललेल्या त्याच होत्या. ओहोटी लागली होती. निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, उड्या मारत होत्या. मी मोबाइल वर केला तर स्क्रीन पांढरीफटक. सूर्य बरोबर समोर, फाट्याच्या तोंडावर मावळत होता.

"उन्हाकडं फोटो कसा निघंल गो?" मावशी म्हणाल्या.

मी फोटो काढला नाही, कारण मला एकदम आठवलं की चारही निबंधांत "फाट्याच्या पूर्वेकडील मुखाशी" असे शब्द होते. पूर्व माझ्या पाठीमागे होती. तिकडे गाव होतं, त्यामागे टॉवर होते. पूर्वेकडे मुख नव्हतंच.

घरी येऊन मी चारही निबंध शेजारी शेजारी ठेवले. चूक कोणाचीही होऊ शकते. पण चार वेगवेगळी माणसं त्या काठावर उभी राहून तीच चूक करत नाहीत. म्हणजे काठावर कोणीतरी एकच उभा होता, किंवा तोही नव्हता. मी तळटीपा मागे मागे नेत गेले. चौथ्याने तिसऱ्याचा आधार घेतला होता, तिसऱ्याने दुसऱ्याचा, आणि दुसऱ्याने पहिल्याचा. पहिला निबंध सगळ्यात जुना. तो आमच्या सरांचा होता, त्यांच्या तरुणपणीचा. त्यात लिहिलं होतं, "प्रत्यक्ष भेटीत आणि उपलब्ध अहवालावरून." अहवाल एका स्वयंसेवी संस्थेचा होता. ती संस्था कधीच बंद पडलेली.

सरळ सरांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं तर ते सावध होतील. पाच वर्षं ज्यांच्या केबिनमध्ये बसून मी डबा खाल्ला त्यांच्याबद्दल हा विचार मनात आला आणि मला त्याची लाजही वाटली नाही. पुढच्या भेटीत मी आडून विचारलं, "सर, तुम्ही गेला होतात तेव्हा त्या फाट्यात पाणी कुठवर यायचं?"

"बरंच आत यायचं," सर म्हणाले, आणि त्यांनी लॅपटॉप मिटला.

हे उत्तर कुठल्याही खाडीला चाललं असतं. त्या दिवसापासून मी त्यांचं प्रत्येक वाक्य तपासायला लागले. आणि मला असंही वाटायला लागलं की तेही मला तपासतायत. पूर्वी ते प्रकरणांची घाई करत नसत. आता दर भेटीत विचारायचे, "तिसऱ्यात काही अडलंय का?"

"नाही सर."

"मग दे ना."

मी दिलं नाही. त्याऐवजी माझ्याच मुलाखती पुन्हा ऐकायला घेतल्या. माझ्याकडे मावशींची साक्ष होती, ती तर कुठल्या निबंधातून आली नव्हती. हेडफोन लावून मी तो भाग काढला. आधी माझाच आवाज: "मावशी, पूर्वी तुमच्याकडे बांबू रोवून, लाल फडकं बांधून खाडी बंद करायचे ना, मासे वाढावेत म्हणून?" मग मागे कोणाची तरी स्कूटर. मग मावशी: "हाय ना. करायचे ना." एवढंच. लाल फडकं माझं, बांबू माझा, बंदी माझी, कारणही माझंच. मावशींचं फक्त "हाय ना".

म्हणून मी पुन्हा गेले आणि यावेळी प्रश्न उघडा ठेवला. मावशी दारात जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या.

"मावशी, त्या फाट्याबद्दल काही आठवतं का? जुनं?"

"काय आठवायचं?"

"काहीही."

त्यांनी सुई थांबवली. "बांबू होता ना तिथं. लाल फडक्याचा."

"कशासाठी असायचा?"

आता त्यांनी नीट वर पाहिलं. "तुलाच ठावं हाय की. तूच बोललीस मागं. ते कालेजातले येतात ते पन तेच बोलतात, तुमच्यात असं होतं, तसं होतं. दीर पन बोलतो."

त्यांचे दीर मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी. तेवढ्यात तेच बाहेर आले आणि उत्साहाने त्यांनी मला सगळं सांगितलं. तो फाटा भराव घालून बुजवायचा आणि त्यावरून रस्ता न्यायचा असा एक प्रस्ताव आला होता. गावाने हरकत घेतली होती. हरकतीत एक मुद्दा असा होता की आमचे वाडवडील पिढ्यान्‌पिढ्या हा फाटा जपत आले, आणि त्याला पुरावा म्हणून एक छापील निबंध जोडला होता. ते मला अभिमानाने म्हणाले, "मोठ्या प्रोफेसरचा हाय." तो सरांचाच होता.

मी वही मिटून उठले. पण माझा चेहरा काहीतरी बोलला असणार, कारण निघताना मावशी दारापर्यंत आल्या.

"तू परत परत तेच का विचारतेस गो? कोनी पाठवलंय तुला?"

"कोणी नाही मावशी. माझा अभ्यास आहे."

"अभ्यास एकदा इचारला की होतो," त्या म्हणाल्या. मी पायऱ्या उतरून गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत त्या दारातच उभ्या होत्या.

राहता राहिला तो अहवाल. त्याची प्रत कुठल्याच ग्रंथालयात मिळाली नाही, पण विचारत विचारत अहवाल लिहिणाऱ्यांचा पत्ता लागला. ते आता उरणजवळ द्रोणागिरीला मुलीकडे राहत होते. मी फोन केला, त्यांनी बोलावलं. बस कंटेनरच्या ट्रेलरांमागे रांगत गेली. दोन्ही बाजूंना गोदामं, मध्येच एखादी नवीकोरी बिल्डिंग. त्यातल्याच एका बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर काका वाट बघत बसले होते. त्यांनी आधी मलाच पारखून घेतलं.

"हे कोणासाठी चाललंय? त्या रस्तावाल्यांसाठी?"

मी विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ते डोळ्यांजवळ धरलं, दोन्ही बाजू पाहिल्या, मग चहा ठेवायला सांगितला.

"बांबू होता," ते म्हणाले. "मी स्वतः पाहिला. त्याला फडकं होतं. आम्ही एका म्हाताऱ्या कोळ्याच्या ओट्यावर बसलो होतो. बांबू कशासाठी म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, तिकडे जायचं नाही. आमच्यातलाच एक म्हणाला, 'म्हणजे मासेमारी बंद असते का? मासे वाढावेत म्हणून?' म्हातारा म्हणाला, हो."

"तो स्वतःहून काय म्हणाला?"

"तेवढंच. तिकडे जायचं नाही. आता मला वाटतं, तिथे गाळ असेल, नाहीतर बुडालेली होडी. जाळं फाटू नये म्हणून खूण. पण आम्हाला पर्यावरणाचं काहीतरी हवं होतं. आणि समोरचा हो म्हणाला की थांबतो माणूस."

मी पूर्वेकडच्या मुखाबद्दल विचारलं. आतून त्यांची मुलगी मोठ्याने हसली. "बाबांना अजून दिशा कळत नाहीत. गच्चीवर नेलं तर समुद्र उलटीकडे दाखवतात."

"नकाशा मीच काढला होता," काका म्हणाले. "असेल चुकला."

शेवटी मी मला खरं विचारायचं होतं ते विचारलं. हा अहवाल न्यायला कोणी आलं होतं का?

"आले होते एक तरुण प्राध्यापक. उंचसे. प्रत घेऊन गेले. पुढे गावात गेले की नाही, ते मला काय माहीत?"

परतीच्या बसमध्ये मला जिंकल्यासारखं वाटत होतं. उरण फाट्याचा स्टॉप यायच्या आधीच ते ओसरलं. इतक्या वर्षांपूर्वीच्या ओट्यावरचं एक वाक्य काकांना शब्दशः आठवत होतं, आणि मी साखर नको म्हणाले होते हे मात्र त्यांच्या चहा येईपर्यंतही लक्षात राहिलं नव्हतं. शिवाय फोनवर मीच त्यांना सांगून ठेवलं होतं, "काका, मला त्या प्रथेबद्दल शंका आहे." तेव्हा त्यांच्या समोर बसलेल्याला प्रथा हवी होती म्हणून त्यांना प्रथा दिसली. आता समोर बसलेलीला शंका हवी होती. मावशींच्या "हाय ना"पेक्षा काकांचं "असेल चुकला" जास्त वजनाचं का धरायचं? ते शुद्ध मराठीत होतं म्हणून? ते माझ्या बाजूचं होतं म्हणून?

घरी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे, गरिबाच्या पोटावर पाय नको. त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "आपल्या गावात पाणवठ्यावर आपल्याला मनाई होती. पूर्वापार, असं म्हणायचे. शाळेतले मास्तर पण म्हणायचे, पूर्वापार. माझ्या आज्याला आठवत होतं, त्याच्या लहानपणी मनाई नव्हती. त्याचं कोण ऐकणार? पूर्वापार म्हटलं की कोणी विचारत नाही, कधीपासून."

"पण हे तर चांगल्यासाठी आहे बाबा."

"त्यांना पण ते चांगल्यासाठीच वाटत होतं." त्यांनी पेपर उचलला. मग पेपराआडून म्हणाले, "पण आधी त्या बाईला सांग. तिला दुसरीकडून कळू नये."

तरी मी आधी सरांकडे गेले. केबिनचं दार लावलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. पूर्व दिशा, चार निबंध, द्रोणागिरी. सर खिडकीकडे बघत ऐकत होते.

"म्हणजे माझा पेपर खोटा आहे असं लिहिणार तू?"

"त्या प्रथेला तुमच्या आधीचा एकच आधार सापडतो, आणि तो पक्का नाही, असं लिहिणार."

"मी गेलो होतो गावात," सर म्हणाले. "ओहोटी होती. पुरुष कोणी भेटले नाहीत. एका घरात पाणी प्यायलो, तिथल्या बाईंना विचारलं. त्या हो म्हणाल्या." मग माझ्याकडे वळले. "पटत नाहीये ना तुला?"

पटतंय की नाही, मला खरंच माहीत नव्हतं.

"बस आधी," ते म्हणाले. मी बसल्यावर त्यांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "लिही. पण तळटीपेत लपवू नकोस. वर मजकुरात लिही, माझ्या नावासकट."

हा मोठेपणा होता. आज मला तसं वाटतं. तेव्हा मी त्यात डाव शोधत होते. आता हे म्हणतायत आणि मौखिक परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांसमोर मला एकटीला सोडतील, असं मी मैत्रिणीला बोलूनही दाखवलं. तसं काही झालं नाही. परीक्षकांनी त्याच प्रकरणावर सगळ्यात जास्त विचारलं, आणि सर पूर्ण वेळ हात बांधून गप्प बसले, म्हणजे नियमाप्रमाणे जेवढं गप्प बसायचं तेवढंच. बाहेर आल्यावर त्यांनी अभिनंदन केलं. पण डबा एकत्र खाणं थांबलं ते थांबलंच. कोणी थांबवलं, हे आम्हा दोघांना वेगवेगळं विचारलंत तर दोन उत्तरं मिळतील.

प्रबंध जमा करण्याआधी मी मावशींच्या घरी गेले. दीरही होते. मी जे लिहिलं होतं ते वाचून दाखवलं: जुन्या लिखाणात या बंदीचा स्वतंत्र पुरावा सापडत नाही, बांबू असल्याचं मात्र अनेकांना आठवतं, आणि आज गावाला ही प्रथा आपली वाटते.

दिराने मान हलवली. "म्हंजे आमी खोटं बोललो?"

"तुम्ही नाही दादा. लिहिणाऱ्यांनी नीट विचारलं नाही. मी पण नाही."

"त्याला मराठीत खोटंच बोलतात." ते उठून हरकतीचं बघणाऱ्या वकिलाला फोन करायला बाहेर गेले.

मावशी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "आमी तुला घरात घेतला, पोरी." मग आत गेल्या. मी थोडा वेळ ओटीवर बसून राहिले, कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही, तेव्हा निघाले.

वकिलाने तो मुद्दा स्वतःच काढून टाकला, असं नंतर कळलं. होड्यांचे परवाने, मासळी उतरवायची जागा, भरतीचं पाणी कुठवर चढतं त्याचे फोटो, एवढं त्याला पुरेसं होतं. छापील निबंधाची त्याला पहिल्यापासून गरज वाटत नव्हती म्हणे. प्रकरण अजून चालू आहे, तारखा पडतायत, फाटा अजून तिथे आहे. माझ्यामुळे काही बिघडलं नाही. पण हे मला दिरांनीच सांगितलं, आणि ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की काय, हेही मी मनात तपासून पाहिलं.

आता मी वाशीच्या एका कॉलेजात शिकवते. मासळी अजून मावशींकडूनच घेते. पहिलं वर्षभर त्या माझ्याशी गिऱ्हाइकासारख्या बोलल्या. बाजूच्या बायकांशी बोलत असताना मी आले की विषय बदलायच्या. मग हळूहळू आईच्या गुडघ्यांची चौकशी सुरू झाली, सुनेच्या तक्रारी सुरू झाल्या. खाडीबद्दल मी एक शब्द काढला नाही.

मागच्या पावसाळ्यात मी बोयटं घ्यायला थांबले होते. गर्दी नव्हती. मावशी खवले काढत होत्या, आणि मान वर न करता म्हणाल्या, "माझी सासू त्या फाट्यात कुनी जाळं टाकलं की शिव्या घालायची. या दिवसांत. माझ्या घोवाला पन घातल्या एकदा."

विचारायचं नाही, असं ठरवलं होतं, तरी तोंडातून निघून गेलं, "का घालायची?"

"मला काय ठावं? गाळात रुततील म्हनून. नायतर मासा वाढावा म्हनून. तिला कोन इचारनार?" त्यांनी बोयट पाण्यात बुडवून पिशवीत टाकलं. "शिव्या लय वाईट घालायची, एवढं ठावं."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी आजही सांगू शकत नाही. आठवण होती, की मी इतकी वर्षं गप्प राहिले त्याची परतफेड होती, की एवढंच बघायचं होतं की मी आता काय करते. मी पिशवी घेतली आणि घरी आले. कागदावर ते तसंच्या तसं लिहून काढलं, शिव्यांसकट. शेवटी लिहिलं, "न विचारता सांगितलं." लिहून झाल्यावर लक्षात आलं की "का" मी विचारला होता, आणि सांगण्याचा निम्मा भाग त्यानंतरचा आहे. तेवढ्या भागाखाली रेघ ओढली आणि मासे धुवायला घेतले.